संदेष्टा की राजगुरू?

२८ फेब्रुवारी २०१८ रोजी वॉशिंग्टन येथील कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या, घुमटाखाली एक शवपेटी अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आली होती. हा मान त्या देशात बहुधा राष्ट्राध्यक्ष, लोकप्रतिनिधी आणि सेनानी यांच्या वाट्याला येतो. खासगी नागरिक म्हणून तो लाभलेली ही केवळ चौथी व्यक्ती होती, आणि धर्मोपदेशकांमध्ये तर पहिलीच. पेटी मात्र साध्या प्लायवूडची होती. लुइझियाना राज्यातील अँगोला येथील तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांनी ती आपल्या हातांनी बनविली होती. त्या पेटीत वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षी निवर्तलेल्या बिली ग्रॅहम यांचा देह विसावला होता. पापी माणसाला क्षमेचा संदेश सांगणारा उपदेशक कैद्यांच्या पेटीत निजतो, हे सुसंगतच होते. परंतु ती पेटी राजसत्तेच्या घुमटाखाली यावी, हेही त्यांच्या आयुष्याशी तितकेच सुसंगत होते. या दोन गोष्टींचा मेळ खरोखर बसतो काय, हा प्रश्न ग्रॅहम यांच्या चरित्राने मागे ठेवला आहे. आणि धर्मश्रद्धा व राजकारण यांच्या संबंधाचा विचार करणाऱ्या कोणालाही तो टाळता येण्यासारखा नाही.

ग्रॅहम यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९१८ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट शहराजवळ एका दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याच्या घरी झाला. १९३९ मध्ये त्यांना सदर्न बॅप्टिस्ट पंथाची धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९४९ साली लॉस एंजेलिस येथे एका प्रचंड तंबूत तीन आठवड्यांसाठी योजिलेली त्यांची प्रवचनमाला आठ आठवडे चालली, वृत्तपत्रांनी त्यांचे नाव देशभर पोहोचविले आणि हा तरुण एकाएकी राष्ट्रीय कीर्तीचा पुरुष बनला. पुढील सुमारे साठ वर्षांत १८५ हून अधिक देश व प्रदेशांतील एकवीस कोटींवर लोकांना त्यांनी उपदेश केला, असा हिशेब त्यांच्या संस्थेने दिलेला आहे.

एका श्रद्धेची दोन फळे

ग्रॅहम यांची श्रद्धा जुन्या वळणाची होती आणि ती तशी असल्याचा त्यांना कधीच संकोच वाटला नाही. पवित्र शास्त्र हे ईश्वराचे वचन होय. मनुष्यमात्र पापी आहे. येशू ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणावाचून त्याचा उद्धार नाही. आणि प्रत्येकाने व्यक्तिशः पश्चात्ताप करून नवा जन्म घेतला पाहिजे, हे त्यांच्या प्रत्येक प्रवचनाचे सार असे. त्यांचे राजकीय विचारही याच उगमातून आले होते. समाज रोगी आहे, कारण माणसाचे अंतःकरण रोगी आहे. कायदा हात बांधू शकेल, हृदय पालटू शकणार नाही. यास्तव समाज सुधारायचा तर आधी माणूस बदलला पाहिजे, असे ते सांगत. निरीश्वरवादी साम्यवादाविषयी त्यांना वाटणारी भीतीही यातूनच आलेली होती.

ही विचारसरणी भाबडी म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु तसे करणे न्यायाचे होणार नाही. मनुष्यमात्र पापी आहे या सिद्धांतात राजकारणाला अत्यंत उपयोगी असे एक बीज दडलेले आहे. सर्वच जण पापी असतील तर राजाही पापी, मंत्रीही पापी, आपला पक्षही पापी आणि आपले राष्ट्रही पापी. कोणत्याही सत्तेवर आंधळा विश्वास टाकू नये, हे लोकशाहीचे मूलसूत्र या श्रद्धेतून सहज निघू शकते. ग्रॅहम यांनी हे शस्त्र कोणावर उगारले आणि कोणावर उगारले नाही, हे पाहिले म्हणजे त्यांच्या थोरवीचे आणि उणिवेचेही माप मिळते.

वर्णद्वेषाच्या प्रश्नावर हे दोन्ही दिसून येते. १९५३ साली टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे गोऱ्या व काळ्या श्रोत्यांच्या मध्ये बांधलेले दोर त्यांनी स्वतः खाली उतरविले. दक्षिणेत वाढलेल्या गोऱ्या उपदेशकाने त्या काळी हे करणे सोपे नव्हते. त्याच वर्षी इतरत्र वेगळ्या आसनांची व्यवस्था त्यांनी चालवूनही घेतली. परंतु पुढे लवकरच अशा सभा घेण्याचे त्यांनी साफ नाकारले. १९५७ च्या न्यूयॉर्कमधील प्रवचनमालेत त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांना प्रार्थनेसाठी व्यासपीठावर बोलाविले. १९६३ साली अलाबामातील बर्मिंगहॅम येथे चर्चमध्ये झालेल्या बाँबस्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मृत्युमुखी पडल्या. त्यानंतर १९६४ च्या ईस्टरला त्याच शहरात ग्रॅहम यांनी दोन्ही वर्णांच्या हजारो लोकांची एकत्र सभा घेतली. परंतु १९६३ मध्ये किंग यांची चळवळ ऐन भरात असताना, त्यांनी जरा लगाम खेचावा, असा सल्लाही याच ग्रॅहम यांनी दिला होता. आधी हृदये बदलू द्या, कायदे मागून येतील, हे त्यांचे म्हणणे. ज्याच्या मानेवर जोखड आहे त्याने मालकाचे हृदय पालटेपर्यंत थांबावे, असा त्याचा अर्थ होतो, हे त्यांना उमगले नाही.

मुंबईकरांना हा मुद्दा एका वेगळ्या प्रसंगावरून चटकन पटावा. जानेवारी १९५६ मध्ये ग्रॅहम भारताच्या दौऱ्यावर आले, तेव्हा मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून शहर पेटले होते. त्यांची येथील नियोजित जाहीर सभा रद्द करावी लागली. दिल्लीत ते पंडित नेहरूंना भेटले आणि दक्षिणेत मद्रास, कोट्टायम येथे त्यांच्या मोठ्या सभा झाल्या. मुंबई मात्र त्यांच्या वाणीला मुकली. त्या दिवसांत मुंबईच्या रस्त्यांवर उभा असलेला प्रश्न एकेका माणसाच्या हृदयपरिवर्तनाने सुटणारा नव्हता. त्याला राजकीय उत्तरच हवे होते आणि ते १ मे १९६० रोजी मिळाले. माणसाचे अंतरंग आणि समाजाची रचना ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडतेच असे नाही.

चार नियम आणि एक विसर

ग्रॅहम यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घ्यावयास जागा नाही. अमेरिकेतील फिरत्या धर्मोपदेशकांची त्या काळची कीर्ती चांगली नव्हती. वर्गणीचा पैसा, स्त्रियांशी संबंध आणि श्रोत्यांच्या संख्येची अतिशयोक्ती यांमुळे कित्येकांची अब्रू गेली होती. १९४८ साली कॅलिफोर्नियातील मोडेस्टो येथे ग्रॅहम आणि त्यांचे सहकारी एकत्र बसले आणि त्यांनी स्वतःला काही नियम घालून घेतले. पैशाचा व्यवहार उघडा ठेवायचा, पत्नीखेरीज अन्य स्त्रीबरोबर एकांतात राहायचे नाही, स्थानिक चर्चवर टीका करायची नाही आणि आकडे फुगवून सांगायचे नाहीत. हे नियम त्यांनी जन्मभर पाळले. इतर नामवंत उपदेशक एकामागून एक घसरत असताना ग्रॅहम यांच्या चारित्र्यावर डाग पडला नाही, तो यामुळे.

मात्र त्या यादीत सत्तेच्या मोहाचा उल्लेख नव्हता. द्रव्य, स्त्री आणि प्रसिद्धी यांपासून सावध राहिलेला माणूस राजाच्या मैत्रीपासून सावध राहिला नाही. वस्तुतः ख्रिस्ताला रानात जे मोह पडले त्यांत जगातील सर्व राज्यांच्या वैभवाचा मोह होता, हे ग्रॅहम यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

पहिला धडा त्यांना लवकर मिळाला होता. १४ जुलै १९५० रोजी ते राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना भेटले. बाहेर पडताच आत झालेले बोलणे त्यांनी वार्ताहरांना सांगून टाकले आणि छायाचित्रकारांसाठी व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर गुडघे टेकून प्रार्थना केली. ट्रूमन संतापले. यातून ग्रॅहम यांनी बोध घेतला. पण तो अर्धाच. राजाच्या दालनातील गोष्ट बाहेर फोडू नये हे ते शिकले. राजाच्या दालनात किती वेळा जावे, हे शिकावयाचे राहून गेले. आयझेनहॉवर, जॉन्सन आणि सर्वांपेक्षा अधिक निक्सन यांच्याशी त्यांचा घरोबा वाढत गेला.

निक्सन यांचा सहवास

ग्रॅहम हे नोंदणीने डेमोक्रॅट होते. पण रिचर्ड निक्सन यांच्यावर त्यांचा लोभ जडला होता. १९६० च्या निवडणुकीत निक्सन यांच्या बाजूने त्यांनी 'लाइफ' साप्ताहिकासाठी लेख लिहिला आणि तो छापला जाण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. १९६९ च्या जानेवारीत निक्सन यांच्या शपथविधीच्या वेळी प्रार्थना केली ती ग्रॅहम यांनी. व्हाइट हाऊसमध्ये रविवारच्या उपासना सुरू झाल्या तेव्हा पहिले प्रवचनही त्यांचेच. २८ मे १९७० रोजी टेनेसीतील नॉक्सव्हिल विद्यापीठाच्या क्रीडांगणावर त्यांची सभा झाली. ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात लष्करी जवानांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगला होता. अशा वेळी धर्मसभेच्या व्यासपीठावर निक्सन प्रमुख पाहुणे म्हणून आले आणि निषेध करणारे पकडले गेले. पश्चात्तापाचे आवाहन करण्यासाठी उभारलेल्या व्यासपीठावरून राज्यकर्त्याला मात्र पश्चात्ताप कर असे कोणी म्हटले नाही. त्याला केवळ मान देण्यात आला.

याहून दुःखद गोष्ट पुष्कळ उशिरा उजेडात आली. १ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत झालेल्या संभाषणाची ध्वनिफीत २००२ साली खुली झाली. त्यात निक्सन ज्यूंविषयी गरळ ओकत आहेत आणि ग्रॅहम त्यांना दुजोरा देत आहेत, प्रसारमाध्यमांवर ज्यूंनी आवळलेली पकड सोडविली पाहिजे अशी भर घालीत आहेत, असे जगाने ऐकले. ग्रॅहम यांनी ज्यू समाजाची क्षमा मागितली आणि ती मनापासून मागितली, यात संशय नाही. इस्राएलवर प्रेम करणारा, ज्यूंशी स्नेहसंबंध राखणारा हा उपदेशक त्या खोलीत असा का बोलला? याचे उत्तर अवघड नाही. राजाला जे ऐकावयाचे असते तेच बोलण्याची खोड दरबारात बसणाऱ्याला नकळत लागते. आपण बोलत नसून दरबार बोलत आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

वॉटरगेट प्रकरणी १९७४ च्या एप्रिलअखेर निक्सन यांच्या संभाषणांच्या संहिता प्रसिद्ध झाल्या, तेव्हा ग्रॅहम यांना त्या वाचून शारीरिक त्रास झाला. त्यातील शिवराळ भाषेने ते विशेष व्यथित झाले. सत्तेचा दुरुपयोग, न्यायाच्या मार्गात घातलेले अडथळे, प्रजेशी बोललेले खोटे यांपेक्षा शिव्यांनीच एवढे दुखावे काय, असा प्रश्न टीकाकारांनी तेव्हा केला. हा प्रश्न कठोर होता. पण गैरलागू नव्हता. ज्या उपदेशकाने लाखो सामान्य माणसांना त्यांचे पाप दाखवून दिले, त्याला वर्षानुवर्षे शेजारी बसलेल्या माणसाचे पाप दिसले नाही. जवळीक फार झाली की दृष्टी अधू होते, हेच खरे.

बंद होणारे दार

यावरून धर्मोपदेशकाने राजकारणात पडूच नये, असा निष्कर्ष काढणारे बरेच आहेत. मला तो मान्य नाही. मार्टिन ल्यूथर किंग हेही बॅप्टिस्ट उपदेशकच होते, दक्षिणेचेच होते आणि त्यांनीही व्हाइट हाऊसचा उंबरठा ओलांडला होता. परंतु ते गेले ते मागणी घेऊन. ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध उघड आवाज उठविला, तेव्हा नागरी हक्कांचे कायदे करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या जॉन्सन यांचीच मर्जी त्यांनी गमावली. हे होणार हे त्यांना ठाऊक होते. दोघांमध्ये फरक पडला तो येथे. एकाने दार बंद होण्याची जोखीम पत्करली. दुसऱ्याने दार उघडे राहावे म्हणून जीभ आवरली. ज्याचे मीठ खावे त्याला जागावे, ही नीती सेवकाला शोभते. संदेष्ट्याने ते मीठ खाऊच नये.

ग्रॅहम यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. निक्सन यांच्या पतनाने ते खचले, तसेच सावधही झाले. जुलै १९७४ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील लॉसान येथे सुमारे १५० देशांतील सुवार्ताप्रसारकांची परिषद भरली. तेथे स्वीकारलेल्या करारनाम्यात सुवार्ता सांगणे आणि सामाजिक-राजकीय जबाबदारी घेणे ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्ये आहेत, असे स्पष्ट म्हटले गेले. अण्वस्त्रांच्या स्पर्धेविरुद्धही ते पुढे बोलू लागले आणि १९८२ साली शांतता परिषदेसाठी मॉस्कोलाही गेले. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही संघटना उभारली, तेव्हा ग्रॅहम तिच्यापासून दूर राहिले. १९८१ साली 'परेड' या नियतकालिकाला दिलेल्या मुलाखतीत, धार्मिक मूलतत्त्ववादी व राजकीय उजवे यांचे मीलन आपल्याला अस्वस्थ करील, कारण कडव्या उजव्यांना धर्माशी कर्तव्य आहे ते केवळ त्याचा वापर करून घेण्यापुरतेच, असा इशारा त्यांनी दिला. २०११ मध्ये आयुष्याच्या अखेरीस मागे वळून पाहताना, राजकारणापासून आपण दूर राहावयास हवे होते, अशी कबुली त्यांनी 'ख्रिश्चॅनिटी टुडे'ला दिली. हे नियतकालिक १९५६ साली निघाले ते त्यांच्याच प्रेरणेने.

इशारा कोणी ऐकला?

त्यांच्या मागून आलेल्यांनी मात्र हा इशारा ऐकला नाही. खुद्द फॉलवेल यांनी १९६५ मध्ये धर्मोपदेशकांनी मोर्चात जाऊ नये, असे प्रवचन दिले होते; चौदा वर्षांनी तेच राजकीय संघटनेचे प्रमुख झाले. १९९८ मध्ये, क्लिंटन यांच्या कारकीर्दीत, सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने लोकसेवकांच्या नैतिक चारित्र्याविषयी ठराव केला. नेत्यांची गंभीर दुष्कृत्ये खपवून घेतली तर समाजाची सदसद्विवेकबुद्धीच बधिर होते, असा त्याचा आशय होता. पुढे काय झाले? खासगी जीवनात अनैतिक वागणारा लोकप्रतिनिधी सार्वजनिक कर्तव्ये नीतीने पार पाडू शकतो, असे मानणाऱ्या गोऱ्या सुवार्तावादी ख्रिस्ती लोकांचे प्रमाण 'पीआरआरआय' या संस्थेच्या पाहणीनुसार २०११ साली शेकडा ३० होते. २०१६ साली ते शेकडा ७२ झाले. शास्त्रातील एक अक्षरही या पाच वर्षांत बदललेले नव्हते. बदलला होता तो उमेदवार. २०१६ च्या निवडणुकीत या समाजातील दर पाच मतदारांपैकी सुमारे चौघांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. डिसेंबर २०१९ मध्ये 'ख्रिश्चॅनिटी टुडे'ने ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असा अग्रलेख लिहिला, तेव्हा ग्रॅहम यांचे पुत्र फ्रँकलिन यांनी वडिलांचे मत २०१६ मध्ये ट्रम्प यांनाच पडले होते, असे जाहीर करून त्याला उत्तर दिले. दिवंगत उपदेशकाची गुप्त मतपत्रिकाही अशा रीतीने राजकारणाच्या कामी आली.

यावर सनातनी ख्रिस्ती माणसाजवळ उत्तर आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल: आम्ही संत निवडीत नव्हतो, राज्यकर्ता निवडीत होतो. गर्भपाताला घटनात्मक हक्क ठरविणारा १९७३ चा निर्णय आम्हाला अधर्म्य वाटत होता; त्यासाठी आम्ही जवळजवळ पन्नास वर्षे झगडलो आणि जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सत्तेशी हात मिळविल्यावाचून हे झाले असते काय? हे उत्तर पोकळ नाही. लोकशाहीत आपल्या श्रद्धेला अनुसरून मत देण्याचा, कायदा बदलून घेण्याचा हक्क धार्मिकालाही आहे आणि इतरांइतकाच आहे.

परंतु मत देणे वेगळे आणि मुखत्यारपत्र लिहून देणे वेगळे. ज्याला मत दिले त्याच्या पापाला पाप म्हणण्याचा हक्क मतदाराने राखून ठेवलाच पाहिजे. तो हक्क गमावला की उरते ती निव्वळ देवघेव. आणि देवघेवीत धर्म हा नेहमी तोट्यात जाणारा भागीदार असतो. राज्यकर्त्याला चार मते मिळतात. धर्माच्या वाणीचा मात्र भरवसा जातो, आणि तो कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने परत मिळत नाही. विरोधकाच्या व्यभिचारावर गर्जणारे आणि मित्राच्या व्यभिचारावर मौन पाळणारे व्यासपीठ तरुण श्रोत्याला काय शिकवीत असेल? नीती ही पक्षाची सोय आहे, एवढेच!

जुन्या करारात या विषयावर दोन कथा आहेत. अहाब राजाच्या पदरी चारशे संदेष्टे होते आणि राजाला युद्धात जय मिळणार, असे त्या सर्वांनी एकमुखाने सांगितले. मीखाया नावाच्या एकट्याने तसे म्हणण्याचे नाकारले. त्याला बंदीत टाकण्यात आले. राजा युद्धात मेला. दुसरी कथा दावीद राजाची. त्याने परस्त्रीचा लोभ धरून तिच्या पतीला रणात मारविले, तेव्हा नाथान संदेष्ट्याने भर राजवाड्यात जाऊन, अपराधी तो तूच, असे त्याला तोंडावर सुनावले. नाथान राजवाड्यात जात असे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. राजवाड्यात जाण्याला शास्त्राची मनाई नाही. तेथे जाऊन काय बोलले जाते, एवढेच शास्त्र विचारते.

राज्यकर्त्यांना आशीर्वादाची भूक सर्वत्र आणि सर्वकाळ असते. देश कोणताही असो, धर्म कोणताही असो. तो आशीर्वाद देणारा मनुष्य प्रामाणिक, निर्लोभी, शुद्ध चारित्र्याचा असला म्हणजे पुरे, असे आपण समजतो. ग्रॅहम यांच्या आयुष्याचा धडा असा की, तेवढे पुरत नाही. त्यांच्याइतका निर्मळ उपदेशकही राजाच्या शेजारी बसून मुका झाला. तेव्हा धर्मपुरुषाला राजद्वारी किती मान मिळतो, हे मोजीत बसण्यात अर्थ नाही. त्याच्या एखाद्या शब्दामुळे ते द्वार त्याला कधी बंद झाले काय, एवढेच आपण विचारावे. कधीच झाले नसेल, तर आत संदेष्टा गेला नव्हता, राजगुरू गेला होता, असे खुशाल समजावे.